शांततेसाठी पाहुणे

"शांतता हवी म्हणून घरी पाहुणे बोलावणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय," असं एतेल्काकाकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, तेव्हा मी हसले. आपण पदवीधर असलो की म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यावर जसं हसतो ना, तसं. काकू नवव्या मजल्यावर राहतात, मी चौथ्या. तेवढ्या वेळात त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "शांतताच हवी असेल तर माझ्याकडे ये, पोरी. माझ्याकडे ती पडून आहे." चौथा मजला आला, मी "हो हो, येईन ना" म्हणत बाबागाडी बाहेर ढकलली, आणि ते वाक्य लिफ्टबरोबर वर निघून गेलं.

त्याचं असं झालं होतं, की नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फादरनी प्रवचनात सांगितलं, नाताळापर्यंत रोज फक्त पाव तास देवासाठी शांत बसा. 'फक्त' म्हणाले. फादरना मुलं नाहीत. मला दोन आहेत: दोर्का चार वर्षांची आणि विन्त्से आठ महिन्यांचा. विन्त्से झाल्यापासून मी धड प्रार्थना केली नव्हती. 'आमच्या बापा' सुरू करायचे आणि अर्ध्यावर त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचे. श्वास चालू असायचा; प्रार्थना बंद पडलेली असायची. आणि खरं सांगते, मला आतून भीती वाटायला लागली होती. लहानपणी नाताळच्या आधी छातीत काहीतरी उजळायचं, ते आता उजळत नव्हतं. ते कायमचं गेलं की काय, एवढाच माझा प्रश्न होता. म्हणून पाव तास हवा होता. जगाने एवढंही देऊ नये?

मी रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे काम पद्धतशीर हाती घेतलं. चर्चमधली पहाटे सहाची मिस्सा हा पहिला प्रयोग. पण आमच्या घरात दरवाजाच्या दिशेने टाकलेलं पहिलं पाऊल विन्त्सेला झोपेतही ऐकू येतं. मग बाथरूम. आमच्या फ्लॅटमध्ये कडी असलेलं ते एकच दार. टबच्या कडेला बसून मी डोळे मिटले, तर दाराच्या फटीतून चार बोटं आत आली आणि "आई, तू शी करतेयस का? मी गोष्ट सांगू?" मग तळघर. तिथे प्रत्येक फ्लॅटला एक फळ्यांची खोली असते. मी बटाट्याच्या पोत्यावर बसले आणि दोन मिनिटांनी तिथला दिवा आपोआप विझला. वीज वाचवायची योजना. मी अंधारात हात हलवत बसले, दिवा लागेना, आणि सायकल ठेवायला आलेल्या एका सद्गृहस्थाने मला बघून जी किंकाळी फोडली, तिच्यानंतर मला पुन्हा तळघरात जायचा धीर झाला नाही.

शेजारच्या मार्गितने सल्ला दिला, "कानात बोळे घाल." दोन लहान मुलांच्या आईने कानात बोळे! त्यापेक्षा मी डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी चालवेन. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आम्हाला कुठे होती शांतता? आम्ही बटाटे सोलता सोलता प्रार्थना करायचो." मीही करून पाहिली. बटाटे चांगले सोलले गेले.

तेव्हा मला पवित्र कुटुंबाची कल्पना सुचली. आमच्याकडे नाताळच्या आधी नऊ संध्याकाळ मरिया आणि योसेफाची तसबीर घरोघर नेतात. बाहेरचे गाऊन जागा मागतात, आतले दार उघडतात, प्रार्थना होते, आणि तसबीर एक रात्र त्या घरी मुक्काम करते. मी विचार केला: खुद्द पवित्र कुटुंब टेबलावर बसलेलं असताना घरात आरडाओरडा कोण करेल? एक अख्खा दिवस! त्यात माझा पाव तास कुठेही बसेल.

"कल्पना छान आहे," माझा नवरा बोतोंद म्हणाला. ज्या कल्पनांत त्याला काही करायचं नसतं त्या सगळ्या त्याला छान वाटतात.

या फेरीचा कारभार पिरोश्काबाईंकडे. बाईंनी तीस वर्षं आमच्या सेगेद शहरात ट्राम चालवली, आणि पवित्र कुटुंबही त्या वेळापत्रकानुसारच चालवतात. "नऊ घरं म्हणजे नऊ घरं. एका घरी दोन मुक्काम नाहीत. सहा म्हणजे सहा. तुला बावीस तारीख. जमेल?"

"जमेल ना!"

"तुमच्या सेक्रेटरीची परवानगी घे. मागच्या वर्षी त्याने आम्हाला जिन्यावरून घालवलं होतं."

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी केलेमेनसाहेब आठव्या मजल्यावर राहतात आणि जिन्यावरचा प्रत्येक डोअरमॅट त्यांना तोंडओळखीने माहीत आहे. त्यांनी मला एक अर्ज दिला. 'कार्यक्रमाचा उद्देश' या रकान्यात मी 'मुक्कामासाठी जागा मागणे' असं लिहिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"भाडेकरू ठेवताय?"

"नाही हो. मरिया आणि योसेफ."

"मग असं स्पष्ट लिहा. आणि इथे पाहुण्यांची संख्या तीन लिहिलीत. तारीख बावीस डिसेंबर. बाळ अजून जन्मलेलं नाही. दोन लिहा."

मी दोन लिहिलं.

"तसबिरीत गाढव आहे?"

"आहे."

"प्राण्यांसाठी वेगळा अर्ज असतो," ते म्हणाले. ही त्यांची थट्टा होती की नियम होता, ते मला आजवर कळलेलं नाही. मेणबत्त्यांना मात्र साफ नकार. जिन्यावर उघडी ज्योत चालणार नाही, बॅटरीवरच्या आणा. मी बारा आणल्या. त्यातली एक सदोष निघाली, ती आळीपाळीने लाल, हिरवी, निळी व्हायची. अर्थात दोर्काने तीच निवडली.

बावीस तारखेपर्यंत माझं काय झालं ते सांगत नाही. पडदे धुतले. खिडक्या पुसल्या. खसखस आणि अक्रोड भरलेल्या नाताळच्या गुंडाळ्या भाजल्या, आणि चारपैकी तीन ओव्हनमध्ये तडकल्या. आमच्याकडे गुंडाळी तडकणं म्हणजे काय, ते ज्याची तडकलीय त्यालाच कळतं. सासूबाई काही बोलत नाहीत. फक्त तडकलेल्या बाजूने पहिला तुकडा घेतात. त्यातच वीस तारखेला लिफ्ट बंद पडली. 'सुटा भाग सणानंतर येईल' अशी चिठ्ठी केलेमेनसाहेबांनी दारावर चिकटवली, शिक्क्यासकट.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मी लक्ष ठेवणारी बाई आहे. पहाटे विन्त्सेला पाजताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसते आणि पावणेसहाला एतेल्काकाकूंची हिरवी लोकरी टोपी दिव्याखालून चर्चच्या दिशेने जाताना बघते. एकवीस तारखेला टोपी दिसली नाही. बावीसला दिसली नाही. माझ्या मनात आलं, 'लिफ्ट बंद आहे, कशा उतरतील बिचाऱ्या.' आणि ते तिथेच संपलं. माझ्या मुलाच्या कानामागे पुरळाचा एक ठिपका आला तर मी तीन डॉक्टरांना फोन करते. तरी ते तिथेच संपलं.

बावीसला सहाच्या ठोक्याला पवित्र कुटुंब आलं. बरोबर एकतीस माणसं. दारात एकतीस जोड ओले बूट. आमच्याकडे चपला सहाच जोड, त्यामुळे पंचवीस माणसं मोज्यांवर, आणि दोन मोज्यांना भोकं. गाणं झालं, प्रार्थना झाली. मी डोळे मिटले होते, पण एका डोळ्याने बघत होते, कारण विन्त्से हातोहात फिरत होता आणि चौथे हात खोकत होते. दोर्का पाहुण्यांना घरातल्या बातम्या देत होती. "बाबांनी झाडाला शिवी दिली. आईच्या गुंडाळ्या फुटल्या. चांगली पुढे ठेवलीय, फुटक्या कपाटात आहेत." मग तिने कपाट उघडून दाखवलं.

सगळे गेले तेव्हा आठ वाजले होते. मुलं झोपली. मी तसबिरीसमोर बसले, हात जोडले, आणि बघते तर काचेवर गाढवाच्या तोंडापाशी लोण्याचा मोठा डाग. दोर्काने गाढवाला चीजची खारी भरवली होती, आणि उरलेली चौकटीच्या खाचेत कोंबून ठेवली होती, सकाळसाठी. ती मी सुईने कोरून काढत होते, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत घर्रर्र आवाज आला. नाताळच्या झाडाचं खोड स्टँडमध्ये बसत नव्हतं आणि बोतोंदने ड्रिल काढलं होतं. विन्त्से उठला. त्याच्या रडण्याने दोर्का उठली. ती म्हणाली, "गाढवाने खाल्लं?"

पाव तास झाला नाही. उद्याचा दिवस आहे, मी म्हटलं. उद्याचा दिवस फरशी पुसण्यात गेला, आणि संध्याकाळी चारला पिरोश्काबाईंचा फोन आला.

"किंगा, गोंधळ झालाय. आजचं नववं घर त्या दंतवैद्यांचं. त्यांच्या दोन्ही पोरांना कांजिण्या."

कांजिण्या! माझा हात आपोआप विन्त्सेच्या कपाळावर गेला. "मग राहू दे ना आमच्याकडेच," असं मला म्हणायचं होतं. शपथेवर सांगते. पण टेबलावर तसबीर होती, टेबल मला उद्याच्या माशाच्या रश्शासाठी हवं होतं, आणि तोंडातून निघालं, "मग आता कुठे नेऊ या यांना?"

"दोन मुक्काम नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमच्याच जिन्यावर बघू. खालच्या तीन मजल्यांना मी फोन केले, कुणाला जमत नाही. वरचे पाच मजले उरले."

"नवव्यावर एतेल्काकाकू आहेत."

"त्यांना कशाला त्रास? एकटी म्हातारी बाई. दरवर्षी मी त्यांचं नाव मुद्दामच घालत नाही."

साडेपाचला आम्ही निघालो. बोतोंदच्या हातात तसबीर, माझ्या पोटाशी झोळीत विन्त्से, दोर्का लाल-हिरवी-निळी होत पुढे, आणि मागे पिरोश्काबाईंसकट चौदा माणसं.

पाचव्या मजल्यावर मार्गित. ती राहते चौथ्यावर, आमच्या शेजारी, आणि भिंतीपलीकडून सगळं ऐकते. पण आज ती पाचव्यावर तिच्या बहिणीकडे भाजत होती. आम्ही गायला सुरुवात केली, दार बोटभर उघडलं. "अगं, गुंडाळी ओव्हनमध्ये आहे! दारातून गार वारा आला तर तडकेल! तुला तर माहितीय!" दार बंद. 'तुला तर माहितीय' हे जिनाभर ऐकू गेलं.

सहाव्यावर एका तरुण जोडप्याने गालिचा धुतला होता. "ओला आहे हो, पाय ठेवायला जागा नाही." सातव्यावरचे गृहस्थ कॅल्विनपंथी. त्यांनी दार पूर्ण उघडलं, सगळ्यांना गरम चहा दिला, आणि फार आदराने म्हणाले, "तसबीर आमच्यात चालत नाही. पण तुम्ही माणसं या ना, बसा." आमच्यातली पाच माणसं खरंच बसली. त्यानंतर ती दिसली नाहीत. आणखी चार चहा पिऊन खाली गेली. त्यांनाही घरी ओव्हन होते.

आठव्यावर खुद्द केलेमेनसाहेब, हातात माझा अर्ज. तो त्यांनी दाराजवळच ठेवलेला असावा.

"परवानगी चौथ्या मजल्याची होती. बावीस तारखेची. आज तेवीस. हा आठवा."

"साहेब, यांना राहायला जागा मिळत नाहीये," मी म्हटलं.

"जागा मिळत नाही म्हणून नियम बदलत नाहीत."

पहिल्या नाताळच्या रात्रीही मरिया आणि योसेफाला दारोदार हेच ऐकावं लागलं होतं. आपण नेमकं काय बोललो हे केलेमेनसाहेबांच्या लक्षात येत असावं, कारण त्यांचे कान हळूहळू दोर्काच्या मेणबत्तीसारखे रंग बदलायला लागले. पण बोललेलं मागे घेण्याचा अर्ज त्यांच्याकडे नसावा. त्यांनी दार लावलं.

"आपण हरलो का?" दोर्काने विचारलं.

"एक मजला आहे अजून," मी म्हटलं.

"नको ग त्रास द्यायला," पिरोश्काबाई.

"एकदाच विचारू."

नवव्यावर पोचलो तेव्हा गाण्याइतका दम कुणालाच नव्हता. बोतोंदने कोपराने बेल दाबली. आत काही हालचाल नाही. पुन्हा दाबली. नाही.

"बाहेर गेल्या असतील," पिरोश्काबाई म्हणाल्या. "चला, मी माझ्याच घरी नेते, दोन मुक्काम तर दोन मुक्काम." बोतोंद वळला. आणि मला ती टोपी आठवली. एकवीस, बावीस, आज तेवीस. लिफ्ट बंद आहे. लिफ्ट बंद असताना नव्वद वर्षांची बाई बाहेर जाते कुठे?

"थांबा," मी म्हटलं.

"किंगा, उघडत नाहीये कुणी."

"थांबा म्हटलं ना!"

मी दाराला कान लावला. आमच्या नऊ मजल्यांत त्या क्षणी जी शांतता होती, तसली मी तीन आठवडे शोधत होते आणि आता मला ती मुळीच नको होती. मग आतून आवाज आला. ठक्. सर्र. ठक्. सर्र. तो दारापर्यंत यायला इतका वेळ लागला, की विन्त्सेच्या श्वासाकडे माझं लक्ष नव्हतं हे मला नंतर कळलं.

दार उघडलं. एतेल्काकाकू छत्रीवर भार देऊन उभ्या होत्या. डावा घोटा पावाएवढा सुजलेला. डोक्यावर हिरवी टोपी.

"लिफ्टवाला आला वाटलं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस वाट बघतेय मेल्याची."

"काकू! काय झालं हे?"

"वीस तारखेला मिस्सेहून आले, तर लिफ्ट बंद. चढले नऊ मजले. शेवटच्या पायरीने दगा दिला."

"मग फोन नाही का करायचा?"

"कुणाला? सगळ्यांची नाताळची घाई. सगळी ओव्हनशी बसलेली. जर्दाळूचा मुरंबा आहे घरात, बिस्किटं आहेत. मरत नव्हते मी." मग त्यांना बोतोंदच्या हातातली तसबीर दिसली. त्या छत्री सावरून सरळ उभ्या राहिल्या. "अगंबाई! हे माझ्याकडे?"

पिरोश्काबाईंचा ट्राम चुकीच्या थांब्यावर उभी राहिल्यासारखा चेहरा. दोर्काने मेणबत्ती उंच धरली आणि आम्हाला कुणालाच न जमलेलं काम केलं. "काकू, तुमच्याकडे जागा आहे का?"

"जागाच आहे," काकू म्हणाल्या. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

पुढच्या पाऊण तासात खूप गोष्टी घडल्या. बोतोंदने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी प्रश्न विचारून मोडलेलं नाही, मुरगळलंय असं सांगितलं आणि उद्या सकाळी येऊन बघतो म्हणाले. तेवढ्यात केलेमेनसाहेब हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन वर आले. गर्दी आणि मेणबत्त्या, त्यांनी कारण सांगितलं. नळकांडं रिकामं होतं असं मला नंतर कळलं. घोटा बघून त्यांनी ते खाली ठेवलं, घरी जाऊन पट्टी आणली, आणि गुडघ्यावर बसून ती इतकी सुरेख बांधली की आम्ही बघत राहिलो. सैन्यात शिकले होते म्हणे. "लिफ्ट सुरू होईपर्यंत तुमचं सामान मी आणेन," ते पट्टीकडे बघत म्हणाले. "अर्ज करायचा का?" काकूंनी विचारलं. "तोंडी चालेल," साहेब म्हणाले. पिरोश्काबाई सातव्यावरून गरम सूप घेऊन आल्या, आणि मार्गितने बहिणीची न तडकलेली अख्खी गुंडाळी पाठवली. तिला काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे, आणि मी ती सुखाने खाल्ली.

मग एकेक करून सगळे निघाले. बोतोंद दोर्काला घेऊन खाली गेला. मी उठायला लागले, तर काकू म्हणाल्या, "बस की जरा. तो झोपलाय."

विन्त्से माझ्या छातीवर झोपला होता. टेबलावर तसबीर, खिडकीत धुकं, भिंतीवर घड्याळ. काकू आरामखुर्चीत, पाय उशीवर, बोटांत जपमाळ. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. कुणीच बोलत नव्हतं. मी काही खास मागितलं नाही. सगळ्यांची नावं घेतली फक्त: बोतोंद, दोर्का, विन्त्से, सासूबाई, अगदी केलेमेनसाहेबसुद्धा. काकूंचं नाव आलं तिथे जरा थांबले, कारण मला लाज वाटली. आणि त्या थांबण्यात ते उजळलं. लहानपणी उजळायचं तेच. गेलेलं नव्हतं. वर राहायला गेलं होतं.

पाव तास झाला का? अकरा मिनिटं. माझी नजर घड्याळावर होती, ती सवय जाणार नाही. बाराव्या मिनिटाला काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "लिफ्टमध्ये म्हटलं नव्हतं तुला?"

आता मी रोज जाते. काकू विन्त्सेला पायावर घेतात, मी पाव तास बसते, मग त्यांच्या बाजारहाटाची यादी घेऊन उतरते. लिफ्ट अजून बंद आहे. सुट्या भागाची चिठ्ठी बदलली, शिक्का नवा आहे.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. तुमच्या जिन्यालाही एक शेवटचा मजला असेल, आणि तिथे एखादं दार, जिथे त्रास नको म्हणून कुणी जात नाही. आज जा. कामं राहू देत, गुंडाळ्या तडकायच्या त्या तडकतातच. बेल वाजवा, आणि आवाज आला नाही म्हणून लगेच वळू नका. शंभरपर्यंत मोजा. काहींना दारापर्यंत यायला वेळ लागतो.